सुट्टीतले पाच डबे : नागपूरच्या मे महिन्यात एका जवानाचं प्रकरण

पायदळातला शिपाई. वय २४, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. उंचावरच्या थंड भागातली पोस्टिंग आटोपून एप्रिलच्या अखेरीस दीड महिन्याच्या सुट्टीवर मानेवाड्याला घरी आला. युनिटमध्ये परतल्यावर महिन्याभरात बीपीईटी, म्हणजे लष्करातली शारीरिक क्षमतेची चाचणी होती : पाठीवर सामान, हातात शस्त्र आणि पाच किलोमीटर धाव. गेल्या वेळी ‘एक्सलंट’ थोडक्यात हुकलं होतं. या वेळी ते घ्यायचंच, असं ठरवून तो आला. बाराव्या दिवशी संध्याकाळी मैदानावर तो खाली बसला आणि उठता येईना.

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. सुट्टीवर आलेल्या जवानांच्या ज्या चुका हातात हात घालून येतात, त्या इथे एकाच्या नावावर मांडल्या आहेत. तपासणीचे आकडे अशा वेळी साधारण जसे येतात तसे धरले आहेत. प्रमाणं आणि अन्नाचे हिशेब मात्र घरी जसेच्या तसे वापरता येतील असे आहेत.

बारा दिवसांत काय झालं

दुसऱ्याच दिवशी तो घराजवळच्या जिममध्ये गेला. तिथल्या ट्रेनरने व्हे प्रोटीन (दुधातल्या प्रथिनांची पावडर), क्रिएटिन (स्नायूंच्या ताकदीसाठी) आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची उत्तेजक पावडर) असे तीन डबे दिले. क्रिएटिन ‘लोडिंग’ने घ्यायला सांगितलं : दिवसाला २० ग्रॅम, पाच ग्रॅमचे चार भाग, सहा दिवस. प्री-वर्कआउटबद्दल सल्ला होता, “एक स्कूप कायले भाऊ, दीड घे. एकानं काही होत नाही.”

सातव्या दिवशी त्याने वजन केलं, तर ६९.७ किलो. आठवड्यात पावणेदोन किलो वाढ! इथून प्रकरण वाकड्या वाटेला लागलं. क्रिएटिन स्नायूंमध्ये पाणी ओढून धरतं. लोडिंगच्या आठवड्यात एक ते दोन किलो वाढ होणं अगदी अपेक्षित असतं, आणि त्यात चरबी नसते. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सामान घेऊन धावायचं आहे आणि वजन वाढतंय, म्हणून तो घाबरला. आठव्या दिवशी चौथा डबा आला, फॅट बर्नर. त्याच्यासोबत पुरुषी संप्रेरक वाढवण्याचा दावा करणारा ‘टेस्टो बूस्टर’ नावाचा पाचवा. भात बंद झाला, भाकरी बंद झाली, आणि ‘कटिंग’मध्ये, म्हणजे चरबी उतरवताना, मीठ चालत नाही म्हणून मीठही बंद. म्हणजे एका पावडरीचा साधा परिणाम समजला नाही, म्हणून त्याच्यावर दुसरी पावडर आली आणि तिच्यासाठी ताट अर्धं झालं.

तोवर तो एसी जिममध्येच व्यायाम करत होता. घरी कूलर होता. बाहेर धावायला त्याने नवव्या दिवशी सुरुवात केली, तीही संध्याकाळी साडेसहाला. मे महिन्यात नागपुरात त्या वेळीही पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि दिवसभर तापलेला डांबरी रस्ता व मैदान खालून भाजत असतात. याच शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती.

बाराव्या दिवशी साडेपाचला दीड स्कूप घेऊन तो निघाला. चौथ्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले, छातीत धडधड सुरू झाली, चक्कर आली, एक उलटी झाली. नाव, वार, ठिकाण तो नीट सांगत होता. मित्रांनी त्याला सावलीत नेलं, टी-शर्ट काढून अंगावर पाणी ओतलं आणि दवाखान्यात आणलं. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरही नाडी १३२, रक्तदाब १४६/९२. ईसीजीत ठोके जलद, पण लय नियमित. रक्तातलं सोडियम १३३, म्हणजे किंचित कमी. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.५, म्हणजे थोडं जास्त. स्नायूंच्या इजेची खूण असलेलं सीके १,९००. लघवी गडद पिवळी, पण कोलासारखी तपकिरी नव्हती. सलाइन, ईसीजीवर लक्ष आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्ततपासणी एवढ्यावर निभावलं. २४ तासांनी घरी सोडलं.

पहिल्या फेरीत डॉक्टरांनी विचारलं होतं, “काही औषधं, पावडरी?” उत्तर आलं, “फक्त प्रोटीन.” तो खोटारडा नव्हता. जवानाला मेडिकल कॅटेगरी घसरण्याची धास्ती असते. शेप-वन ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी गेली की कोर्स, पोस्टिंग, बढती सगळ्यावर सावट येतं. आणि पावडर म्हणजे औषध नव्हे, असं त्याला मनापासून वाटत होतं. खरं चित्र दुसऱ्या दिवशी समोर आलं, जेव्हा धाकट्या भावाने घरातले सगळे डबे पिशवीत घालून आणले. सप्लिमेंट घेणाऱ्या कुठल्याही माणसाची तपासणी इथूनच सुरू व्हायला हवी. नावं विचारू नका. डबे मागवा, डब्यातला स्कूप मागवा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवा.

डबे ओट्यावर मांडले तेव्हा

प्री-वर्कआउटच्या लेबलवर एक स्कूप १० ग्रॅम, त्यात २०० मिलिग्रॅम कॅफीन असं लिहिलेलं. त्याचा शीग लावलेला ‘दीड स्कूप’ काट्यावर टाकला तर २० ग्रॅम भरला. म्हणजे एका वेळी ४०० मिलिग्रॅम कॅफीन. शीग लावलेला स्कूप सपाट स्कूपपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जड असू शकतो. लेबलवरचा आकडा सपाट स्कूपचा असतो, आणि लोक तर शीग लावूनच घेतात. पावडर घेतल्यावर त्याच्या कानाला आणि बोटांना मुंग्या येत. तो म्हणायचा, “डबा असली आहे, चढते लगेच.” या मुंग्या बीटा-अ‍ॅलनिनमुळे येतात. त्या निरुपद्रवी असतात, पण त्यांच्यावरून डबा असली की नकली हे कळत नाही आणि ताकद वाढली की नाही हेही कळत नाही.

फॅट बर्नरच्या कॅप्सूलमध्ये प्रत्येकी १०० मिलिग्रॅम कॅफीन. तो रोज दोन घेत होता. शिवाय ग्वाराना अर्क, जो स्वतःच कॅफीनचा साठा असतो. पण त्यातलं कॅफीन किती, हे लेबलवर नव्हतं, कारण सगळं ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ या एका ओळीत कोंबलेलं होतं. दुपारी अडीचशे मिलिलिटरचा एनर्जी ड्रिंकचा डबा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीन चालत नाही, म्हणून एका डब्यात जास्तीत जास्त ७५. घरचा चहा तीन कप, धरा ११०. बेरीज ४०० अधिक २०० अधिक ७५ अधिक ११० : ७८५ मिलिग्रॅम, ग्वाराना वगळून. धडधाकट प्रौढाने दिवसात ४०० च्या पुढे जाऊ नये. धावण्यासाठी कॅफीनचा उपयोग होतो, हे खरं आहे. किलोमागे ३ मिलिग्रॅमपासून फरक दिसतो, म्हणजे याच्यासाठी साधारण २००. हा होता किलोमागे साडेअकरावर.

कॅफीन अर्धं व्हायला शरीराला सुमारे पाच तास लागतात. साडेपाचला घेतलेल्या ४०० मधले २०० साडेदहालाही अंगात होते. म्हणून झोप चार तासांची. सकाळी डोळे उघडत नव्हते, नाश्ता बुडत होता, दुपारी एनर्जी ड्रिंक लागत होतं. हे चक्र त्याने ‘ट्रेनिंगचा थकवा’ म्हणून सोडून दिलं होतं.

फॅट बर्नरच्या लेबलवर ‘ऑरेंज अर्क’ होता. आईने तो वाचून निर्धास्तपणे म्हटलं होतं, “संत्र्याचंच तं आहे, काय होते त्याच्यानं?” नागपूरच्या घरात हे वाटणं साहजिक आहे. पण आपला संत्रा सिट्रस रेटिक्युलाटा आणि लेबलवरचा सिट्रस ऑरँशियम, कडू जातीचा. त्याचा घट्ट अर्क घालतात तो त्यातल्या सिनेफ्रिनसाठी. ते उत्तेजक आहे. कॅफीनसोबत नाडी आणि रक्तदाब वाढवतं. हिरव्या चहाचा अर्कही त्यातच होता आणि तो रिकाम्या पोटी घेतला जात होता. जास्त मात्रेत, विशेषतः उपाशीपोटी, हा अर्क यकृताला त्रास देतो. साधा हिरवा चहा पिण्याशी त्याची तुलना होत नाही.

अशा डब्यांत लेबलवर नसलेलं काय असू शकतं, हा वेगळा प्रश्न. डीएमएए नावाचं उत्तेजक एकेकाळी प्री-वर्कआउटमध्ये सर्रास असायचं. २०११ मध्ये दोन अमेरिकन सैनिकांच्या मृत्यूनंतर त्या वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकी लष्कराने आपल्या तळांवरच्या दुकानांतून असे डबे काढून टाकले. ते आजही मेथिलहेक्सानअमीन, १,३-डायमेथिलअमायलअमीन किंवा जिरॅनियम अर्क अशा नावांनी लपून येतं. ही नावं पाठ असावीत. टेस्टो बूस्टरमध्ये तर न लिहिलेलं स्टेरॉइड निघण्याची शक्यता कायम असते. जो जवान सेनादलाच्या संघातून खेळतो, त्याच्या नमुन्यात ते सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही. जबाबदारी खेळाडूचीच धरतात. पाचवा डबा न चर्चिताच बाजूला ठेवला गेला.

सहावी गोष्ट डब्यात नव्हतीच. गुडघा दुखतो म्हणून तो धावण्याआधी डायक्लोफेनॅकची गोळी घेत होता. शरीरात पाणी कमी पडलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह आणखी आवळते. ती ‘सप्लिमेंट’ नाही म्हणून कुणी मोजली नाही, पण क्रिएटिनिनच्या दृष्टीने पाचही डब्यांपेक्षा तिचीच काळजी जास्त.

१.५ क्रिएटिनिन म्हणजे किडनी गेली का?

हा आकडा पाहून घरच्यांनी सगळा दोष क्रिएटिनवर टाकला. तो अन्याय आहे. क्रिएटिन शरीरात मोडून क्रिएटिनिन बनतं, त्यामुळे घेणाऱ्याचा आकडा मूत्रपिंड ठणठणीत असतानाही थोडा वर जातो. त्यात पाणी कमी पडलेलं शरीर, डायक्लोफेनॅक आणि स्नायूंची मोडतोड मिसळली. यातलं कुठलं किती, हे एका तपासणीत सुटत नाही. म्हणून फेरतपासणी करायची तर गोळी आणि क्रिएटिन तीन आठवडे बंद ठेवून, आणि शेवटचे तीन दिवस जड व्यायाम न करता. व्यायामाने सीके चढतं, आणि यकृताच्या तपासणीतली एएसटी-एएलटी ही एन्झाइमंही चढतात. ती स्नायूंमधूनही येतात, त्यामुळे धावून आलेल्या जवानाचा अहवाल ‘लिव्हर खराब’ म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. शंका उरलीच तर मूत्रपिंडासाठीची सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी करावी. तिच्यावर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. लघवीच्या पट्टीवर रक्त दिसलं पण सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी दिसल्या नाहीत, तर ते स्नायूतलं मायोग्लोबिन समजायचं. अशा वेळी घरी पाणी पीत बसायचं नसतं, थेट रुग्णालय गाठायचं.

तीन आठवड्यांनी याचं क्रिएटिनिन १.० आलं.

उष्णता : कपडे कोरडे, शरीर रिकामं

थंड, उंच भागातून आलेल्या माणसाच्या शरीराला उन्हाची सवय राहिलेली नसते. ती यायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तेही रोज तासभर प्रत्यक्ष उष्णतेत हालचाल केली तरच. कूलरच्या खोलीत काढलेले दिवस त्यात धरता येत नाहीत. म्हणजे घरी येऊन बारा दिवस झाले असले, तरी उन्हाच्या हिशेबात त्याचा तो चौथा दिवस होता.

नागपूरचा उन्हाळा कोरडा आहे. मुंबईत घाम निथळतो आणि माणूस सावध होतो. इथे घाम येता येता उडून जातो, अंग कोरडं वाटतं. त्याच्या गडद निळ्या टी-शर्टवर छातीपासून काखेपर्यंत पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या, नकाशावरच्या नदीसारख्या. ते मीठ होतं. चार दिवस तो बाहेर मीठ टाकत होता, घरी मीठ खात नव्हता, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून दिवसाला सात लिटर साधं पाणी पीत होता. सोडियम १३३ झालं ते असं. नुसतं पाणी वाढवणं हा उष्णतेवरचा अर्धाच उपाय आहे आणि अति केला तर धोकादायक आहे. तासाला सव्वा ते दीड लिटरच्या वर कधीच पिऊ नये.

किती प्यायचं, हे स्वतःच्या घामावरून काढता येतं. पुढे त्याची धाव तासभराची झाली, त्या दिवशी पहाटे सव्वापाचला, लघवी करून, फक्त चड्डीवर वजन केलं : ६८.४. तासभर हलकी धाव, त्यात मोजून ४०० मिलिलिटर पाणी. परत आल्यावर अंग पुसून वजन ६७.४. एक किलो घट अधिक ४०० मिलिलिटर, म्हणजे तासाला १.४ लिटर घाम, तोही पहाटेच्या गारव्यात. यावरून त्याचं ठरलं : धावताना तासाला ६०० ते ७०० मिलिलिटर, दर पंधरा मिनिटांनी चार मोठे घोट, आणि नंतरच्या तीन-चार तासांत घटलेल्या किलोमागे सव्वा ते दीड लिटर, जेवणासोबत. घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या आत ठेवायची. लिटरभर घामात सरासरी ग्रॅमभर सोडियम जातं, म्हणजे तासाच्या धावेत त्याचं साडेतीन ग्रॅम मीठ गेलं. रक्तदाब सामान्य असलेल्या, रोज असा घाम गाळणाऱ्या जवानाने आमटी-भाजीतलं मीठ बंद करणं ही चूकच आहे.

पेयासाठी बाजारात जायची गरज नव्हती. दोन मध्यम कैऱ्या उकडून गर काढायचा, ६० ग्रॅम गूळ, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ, एकूण एक लिटर पाणी. साखर सहा टक्क्यांच्या आसपास, मीठ पुरेसं. घरचं पन्हं नेहमी याच्या दुप्पट-तिप्पट गोड असतं. तेवढं गोड धावताना पोटात डचमळतं, म्हणून धावण्याचं पन्हं वेगळं करून ठेवावं. उलटी-जुलाब झाले असतील तर मात्र सरकारमान्य ओआरएसचं पाकीट, एक लिटरसाठीचं पाकीट एक लिटरमध्येच, त्यात साखर-लिंबू काही न घालता. खिशात कांदा ठेवून ऊन लागायचं थांबत नाही, पण पन्हं देणाऱ्या आजीचं ऐकावं.

मैदानावर मित्रांनी केलं ते बरोबर होतं. एका गोष्टीत नशिबाने साथ दिली : तो भानावर होता. बोलणं असंबद्ध झालं, चाल झोकांड्या खाऊ लागली, चिडचिड सुरू झाली, तर तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं मानू नये. धावणाऱ्याला घाम सुरू असतानाही तो होतो. तेव्हा आधी थंड करायचं, मग न्यायचं. टाकी, टब, जे मिळेल त्यात बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवून डोकं धरून ठेवायचं. ते नसेल तर ओल्या चादरी दर दोन मिनिटांनी बदलायच्या आणि कूलर थेट अंगावर सोडायचा. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करायचा. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

ताटातलं भोक

डब्यांइतकंच वाईट त्याचं ताट होतं. पाण्यात भिजवलेले ओट्स, व्हेचे तीन स्कूप, सहा अंड्यांचं पांढरं, २०० ग्रॅम उकडलेलं चिकन, काकडी, एक सफरचंद, दोन पोळ्या. उष्मांक साधारण १,३००. प्रथिनं १५० ग्रॅम, म्हणजे किलोमागे २.२. कर्बोदकं जेमतेम ११०, किलोमागे दीडच ग्रॅम. दिवसातून दोनदा व्यायाम करणाऱ्या माणसाला किलोमागे पाच ते सात लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात ६५ किलोच्या मध्यम कष्टाच्या पुरुषाला २,७१० आणि जड कष्टाच्या पुरुषाला ३,४७० उष्मांक धरले आहेत. तो गरजेच्या निम्म्यावरही नव्हता. स्नायूतला साठा रिकामा असला की चौथ्या किलोमीटरला पाय जड होतात. याच्या पायांत तेच झालं, त्याने मात्र जास्त कॅफीन हा उपाय धरला.

एवढी प्रथिनं त्याला लागतही नव्हती. व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅम भरपूर होतात, म्हणजे याला ११० च्या आसपास. मे २०२४ मध्ये आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने जी आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा असंच सांगितलं आहे. हे ११० ग्रॅम नागपूरच्या घरात कसे येतात, ते असं.

पहाटे धावण्याआधी एक केळं. परतल्यावर ६० ग्रॅम पोहे, त्यावर ३० ग्रॅम हरभऱ्याची तर्री, दोन अख्खी अंडी, पाव लिटर दूध : प्रथिनं ३० ग्रॅम. तर्री पोहे सोडायची गरज नाही. वर तरंगणारा तेलाचा लाल तवंग डावाने बाजूला काढायचा, हरभरे जास्त घ्यायचे. दुपारी १२० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरी, ५० ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, ६० ग्रॅम तांदळाचा भात, भाजी, दीडशे ग्रॅम दही, जवसाची चटणी : ३२ ग्रॅम. वरण घट्ट हवं. पातळ फोडणीच्या वरणाची एक वाटी म्हणजे दहा-पंधरा ग्रॅमच डाळ असते, आणि ‘मी रोज वरण खातो’ या वाक्यात प्रथिनं अशी हरवतात. चारला ५० ग्रॅम फुटाणे, गूळ, ताक : १२ ग्रॅम. रात्री १२० ग्रॅम कणकेच्या पोळ्या, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि १५० ग्रॅम चिकन : ५० च्या आसपास. शाकाहारी दिवशी चिकनऐवजी ४० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यातून २० ग्रॅम येतात. झोपताना एक कप दूध. दिवसाची बेरीज सोयाच्या दिवशीही ११० च्या पुढे, आणि धावतानाचं पन्हं धरून उष्मांक ३,१०० ते ३,३००. सावजी रस्सा रविवारी दुपारी खुशाल खावा. पहाटे लांब धाव असेल त्याच्या आदल्या रात्री नको, कारण ते तिखट आणि तेल पहाटेपर्यंत पोटात असतं.

भाकरी म्हणजे ‘गावचं खाणं’, फिटनेसचं ओट्स, हा समज त्याच्या डोक्यातून काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला. शेवटी उपयोगी पडली ती लष्कराचीच गोष्ट : २०२३ मध्ये लष्कराने जवानांच्या राशनात ज्वारी, बाजरी, नाचणीचं पीठ परत आणायचं ठरवलं, धान्याच्या वाट्यातला पंचवीस टक्क्यांपर्यंतचा भाग.

काय ठेवलं, काय टाकलं

फॅट बर्नर आणि टेस्टो बूस्टर कायमचे बंद. प्री-वर्कआउट बंद, त्याऐवजी पहाटेच्या धावेआधी पाऊण तास एक कडक कॉफी. दवाखान्यात कॅफीन एकदम तुटल्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याचं डोकं भयंकर दुखलं. घरच्यांना वाटलं ऊन डोक्यात चढलं. ती कॅफीन सुटल्याची डोकेदुखी होती; दोन कप चहा सुरू ठेवला आणि चार दिवसांत गेली. ज्याला रुग्णालयात जावं लागलेलं नाही, त्याने दर दोन-तीन दिवसांनी १०० मिलिग्रॅम कमी करत उतरावं.

पाचांपैकी खऱ्या अर्थाने कामाचं क्रिएटिनच आहे, आणि तेच बिचारं बदनाम झालं होतं. फेरतपासणी चांगली आल्यावर ते पुन्हा घ्यायला हरकत नाही, पण दिवसाला ३ ग्रॅम, लोडिंग न करता. साठा भरायला आठवड्याऐवजी तीन-चार आठवडे लागतात, वजन झटक्यात उडी मारत नाही. मात्र बीपीईटी तोंडावर असताना नवं काही सुरू करू नये, म्हणून ते परीक्षेनंतरवर टाकलं. व्हे घरी अनावश्यक. दूरच्या सरावावर, लंगरचं, म्हणजे युनिटच्या स्वयंपाकघरातलं जेवण उशिरा किंवा अपुरं मिळतं तेव्हा एक स्कूप, सुमारे २४ ग्रॅम प्रथिनांचा, सोयीचा पडतो. तिथेच त्याची जागा.

पुढे डबा घ्यायचाच झाला तर : एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का पाहायचं. आयात माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता हवा. मूळ लेबलवर दुसरा स्टिकर चिकटवलेला असेल तर डबा परत. परवाना म्हणजे त्या डब्याची तपासणी झाली असं नाही, हे लक्षात ठेवायचं. म्हणून खेळाडूंनी इन्फॉर्म्ड स्पोर्ट किंवा एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट ही (बंदी असलेल्या पदार्थांसाठी तपासल्याची) खूण असलेला, तोही खूण तपासून घेतलेलाच घ्यावा. व्हेच्या घटकांत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलेलं दिसलं तर प्रथिनांचा आकडा फुगवलेला असू शकतो. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ दिसलं की डबा खाली ठेवायचा. आणि एखादी वस्तू कॅन्टीनमध्ये मिळते म्हणजे ती आपल्याला डॉक्टरांनी लिहून दिली, असा अर्थ होत नाही.

धाव पुन्हा अशी सुरू झाली : दवाखान्यातून घरी आल्यावर पाच दिवस फक्त चालणं आणि सीकेची फेरतपासणी. ते ४०० च्या खाली आल्यावर पहाटे वीस मिनिटं हळू धाव, रोज पाच मिनिटं वाढवत. दहाव्या दिवसानंतर आठवड्यातून दोनदा सकाळी साडेसातचं ऊन, तेही सोबत कुणी असताना. पाठीवरचं वजन शेवटच्या आठवड्यात. थांब्याच्या जागी पाण्यासोबत छत्रीही ठेवायची. पावसाळी छत्रीचं काय काम असं मित्र विचारत, पण तिथे सावली नसेल तर ती लागते.

परत जाताना त्याच्या ट्रंकेत दोन किलो फुटाणे, जवसाची चटणी, ओआरएसची दहा पाकिटं आणि एक चौपदरी घडीचा कागद होता. कागदावर सहाही गोष्टींची नावं, प्रत्येकीचं प्रमाण, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, आणि दोन्ही वेळच्या तपासण्यांचे आकडे. तो युनिटच्या आरएमओंना, म्हणजे डॉक्टरांना, पहिल्याच दिवशी एमआय रूम या तपासणीच्या खोलीत जाऊन द्यायचा होता. याबद्दल घरात बराच वाद झाला. कॅटेगरीची भीती खरी होती. पण विश्रांतीची नाडी ६२, क्रिएटिनिन १.०, सीके सामान्य अशा कागदासह स्वतःहून गेलेल्या जवानाची नोंद वेगळी होते, आणि पाठीवर सामान घेऊन भर धावेत कोसळलेल्या, मागचं काहीच न सांगितलेल्या जवानाची वेगळी. शेवटी वडिलांनी कागदाची झेरॉक्स काढून एक प्रत घरी ठेवली, आणि मूळ कागद त्याच्या लीव्ह सर्टिफिकेटला टाचून दिला.